गोपाळ गणेश आगरकर : निरपेक्ष आधाराविना जीवनार्थाचा शोध

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला –

• आगरकरांच्या जीवनातील प्रमुख टप्पे कालानुक्रमे सांगता येतील.
• निरर्थकतावाद, अज्ञेयवाद आणि निरपेक्ष मूल्य या संकल्पनांतील फरक स्पष्ट करता येईल.
• ईश्वर व धर्मग्रंथ यांचा आधार न घेता आगरकरांनी कर्तव्याची उभारणी कशावर केली, याचे विवेचन करता येईल.
• या उभारणीची शक्तिस्थाने व मर्यादा यांची चिकित्सा करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांनी अंधेरी पूर्वेला स्थानकाबाहेर पडताना बेस्टच्या बसवर ‘आगरकर चौक’ ही पाटी वाचली असेल. घाईगर्दीत ते केवळ एका थांब्याचे नाव असते. मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला मात्र या आडनावासरशी एक निबंधकार आठवला पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याने महाराष्ट्राला एक अवघड प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर लेखणीने तसेच स्वतःच्या आयुष्याने देण्याचा प्रयत्न केला.

तो प्रश्न आपण आधी नीट समजून घेऊ. परंपरेने मनुष्याच्या जीवनाला अर्थ देणारी एक चौकट तयार करून ठेवलेली असते. विश्वाचा कोणी नियंता आहे, धर्मग्रंथ त्याची आज्ञा सांगतात, पुण्याचे व पापाचे फळ या जन्मी नाही तर पुढच्या जन्मी मिळते, अशी ही चौकट असते. तिच्यातील मूल्ये निरपेक्ष मानली जातात. म्हणजे देश, काल वा परिस्थिती बदलली तरी ती बदलत नाहीत. आता समजा, विचार करता करता एखाद्याचा या चौकटीवरील विश्वास उडाला. मग त्याने चांगले का वागावे? दुसऱ्यासाठी कष्ट का सोसावेत? मुळात जगण्याला काही अर्थ आहे, असे तरी कशावरून म्हणावे?

या प्रश्नावर कशालाच काही अर्थ नाही, असे उत्तर देणाऱ्या विचाराला पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात ‘निहिलिझम’ म्हणतात. मराठीत त्याला निरर्थकतावाद किंवा शून्यवाद असे म्हटले जाते. मात्र बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाच्या शून्यवादाशी त्याची गल्लत करू नका. नागार्जुनाची शून्यता ही वस्तूंच्या परस्परावलंबनाची मांडणी आहे, जीवनाच्या व्यर्थतेची घोषणा नव्हे. ‘निहिलिस्ट’ हा शब्द युरोपात लोकप्रिय झाला तो रशियन कादंबरीकार तुर्गेनेव्ह यांच्या १८६२ मधील ‘फादर्स अँड सन्स’ या कादंबरीमुळे. पुढे जर्मन तत्त्वज्ञ फ्रिडरिक नित्शे यांनी ईश्वरावरील श्रद्धा संपल्यानंतर युरोपीय मनाला ग्रासणाऱ्या पोकळीचे निदान केले. नित्शे यांचा जन्म १८४४ सालचा आणि आगरकरांचा १८५६ चा. दोघांच्या भूमी व परंपरा वेगळ्या होत्या. पण जुना आधार सुटल्यावर माणसाने कशावर उभे राहायचे, ही अडचण दोघांपुढेही होती.

आगरकर या अडचणीतून कसे गेले, हे पाहणे हा या घटकाचा हेतू आहे. त्यांना केवळ समाजसुधारक म्हणून ओळखणे पुरेसे नाही. बालविवाह, केशवपन, सोवळेओवळे यांविषयी त्यांनी काय लिहिले, हे तुम्ही शालेय जीवनापासून ऐकत आला आहात. त्या लेखनाच्या तळाशी असलेला प्रश्न येथे आपल्याला पाहायचा आहे.

४.२ बालपण आणि शिक्षण : दारिद्र्यातील निवड

सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळ कृष्णाकाठी टेंभू नावाचे गाव आहे. तेथे १४ जुलै १८५६ रोजी आगरकरांचा जन्म झाला. घरची स्थिती अत्यंत हलाखीची असल्याने शिक्षणासाठी त्यांना नातेवाइकांच्या आश्रयाला राहावे लागले. कऱ्हाड, रत्नागिरी आणि अकोला असा त्यांचा प्रवास झाला. मधल्या काळात कचेरीत उमेदवारी करून पाहिली. शाळा सुटली, पुन्हा धरली. अकोल्यास मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण होऊन ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. शिष्यवृत्ती, निबंधांची बक्षिसे आणि वृत्तपत्रांतील किरकोळ लेखन यांच्या बळावर त्यांनी बी. ए. व पुढे एम. ए. ही पदवी मिळवली. दम्याचा विकार याच आयुष्यक्रमात त्यांना जडला आणि तो अखेरपर्यंत सुटला नाही.

डेक्कन कॉलेजात दोन गोष्टी घडल्या. पहिली म्हणजे जॉन स्टुअर्ट मिल आणि हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज विचारवंतांच्या ग्रंथांचा सखोल परिचय. मिल यांच्याकडून त्यांना व्यक्तिस्वातंत्र्याचा आणि उपयुक्ततावादी नीतीचा विचार मिळाला. स्पेन्सर यांच्याकडून समाज हा हळूहळू विकसित होत जाणारा आहे, ही दृष्टी मिळाली. त्याचबरोबर विश्वाचे अंतिम कारण मानवी बुद्धीच्या आवाक्याबाहेरचे आहे, ही भूमिकाही मिळाली. या भूमिकेला अज्ञेयवाद म्हणतात. ईश्वर नाही, असे नास्तिक ठामपणे सांगतो. ईश्वर आहे किंवा नाही हे ठरवण्याचे साधन आपल्यापाशी नाही, म्हणून त्याच्या नावाने कोणतीही आज्ञा लादता येणार नाही, असे अज्ञेयवादी म्हणतो. हा फरक लक्षात ठेवा. पुढील विवेचनात तो आपल्याला लागणार आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे बाळ गंगाधर टिळक यांची मैत्री. देशाच्या अवनतीवर उपाय शिक्षण हाच आहे, यावर दोघांचे एकमत होते. त्यांच्या चर्चा रात्ररात्र चालत. सरकारी नोकरी न करता शिक्षणकार्याला वाहून घेण्याचा निश्चय त्यांनी या काळात केला.

या निश्चयाचे मोल समजण्यासाठी त्या काळातील एम. ए. पदवीची किंमत ध्यानात घ्या. ती मिळवणारा तरुण मोठ्या पगाराच्या सरकारी हुद्द्यावर सहज जाऊ शकत होता. मुलगा शिकला, आता घरचे दारिद्र्य फिटेल, अशी आस धरून बसलेल्या आईला आगरकरांनी पत्र लिहिले. मोठ्या पगाराची आशा तिने धरू नये, पोटापुरत्या मिळकतीवर समाधान मानून आपण उरलेले आयुष्य लोकांच्या कामी घालवणार आहोत, असा त्या पत्राचा आशय होता. आईच्या दृष्टीने या त्यागामागे काही व्रत किंवा देवाची आज्ञा असती, तर तिला तो कदाचित समजला असता. ज्याला परलोकाची खात्री नाही, त्याने इहलोकातील सुखही सोडून द्यावे, हे कोडेच होते. आपला पुढचा सगळा अभ्यास या कोड्याभोवती फिरणार आहे.

४.३ डोंगरीचा तुरुंग आणि ‘विकारविलसित’

विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी १८८० च्या आरंभी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. एम. ए. झाल्यावर आगरकर त्यात सामील झाले. जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे निघाली. ‘केसरी’चे संपादकत्व आगरकरांकडे आले. कोल्हापूरच्या अल्पवयीन छत्रपतींच्या छळासंबंधी या पत्रांत मजकूर प्रसिद्ध झाला, तेव्हा कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांनी बदनामीचा खटला भरला. ज्या पत्रांवर मजकुराची भिस्त होती, ती बनावट ठरली. टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद झाली आणि जुलै १८८२ मध्ये दोघांची रवानगी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात झाली. शिक्षेत सूट मिळून ते २६ ऑक्टोबरला सुटले. ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ या पुस्तकात आगरकरांनी या कारावासाची हकिकत लिहिली आहे. मराठी तुरुंगसाहित्याच्या आरंभीच्या लेखनात तिची गणना होते.

याच कारावासाशी त्यांचे दुसरे एक पुस्तक निगडित आहे. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ या शोकात्म नाटकाचे त्यांनी ‘विकारविलसित’ या नावाने मराठी रूपांतर केले; ते १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. अभ्यासक बहुधा या रूपांतराचा विचार भाषांतर म्हणून करतात. तुम्ही त्याकडे आपल्या प्रश्नाच्या अंगाने पाहा. डेन्मार्कच्या राजपुत्राला मृत पित्याचे भूत दिसते आणि सूड घेण्याची आज्ञा देते. आज्ञा पलीकडच्या जगातून आलेली आहे. पण ती खरी कशावरून? राजपुत्र ती तत्काळ पाळत नाही. तो पुरावा शोधतो, त्यासाठी दरबारात नाटक करवतो. दरम्यान जगणे सोसावे की संपवावे, हा विचार त्याला पोखरत राहतो. अदृष्टाच्या आज्ञेवर आंधळेपणाने चालायचे नाही. पण ती आज्ञा बाजूला सारल्यावर कृतीचे बळ कोठून आणायचे, ही त्याची व्यथा आहे. गजाआडच्या आगरकरांना याच नाटकाचे मराठीकरण करावेसे वाटले, हे अर्थपूर्ण आहे.

हॅम्लेट संशयात अडकतो आणि त्याची कृती खोळंबते. आगरकरांचा संशय त्याहून कमी नव्हता. पण त्यांची कृती खोळंबली नाही. बाहेर येताच ते पुन्हा शाळेच्या व वृत्तपत्राच्या कामाला लागले. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि जानेवारी १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. दोन्हींच्या उभारणीत ते अग्रभागी होते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १

(अ) नास्तिक आणि अज्ञेयवादी यांच्या भूमिकांतील फरक दोन वाक्यांत लिहा.
(आ) ‘विकारविलसित’ हे कोणत्या नाटकाचे रूपांतर आहे?

४.४ ‘केसरी’कडून ‘सुधारक’कडे

राजकीय स्वातंत्र्य आधी की सामाजिक सुधारणा आधी, या वादात टिळक व आगरकर यांची फारकत झाली, असे तुम्ही वाचले असेल. ते खरे आहे. पण मतभेदाचे मूळ त्याहून खोल होते. समाजाला एकत्र बांधणारे धर्माचे सूत्र सैल होऊ द्यायचे की नाही, हा कळीचा मुद्दा होता. सुधारणेला लोकांची श्रद्धा दुखावणार नाही एवढीच मर्यादा असावी, असे एका बाजूस वाटत होते. जी गोष्ट बुद्धीला पटत नाही आणि जिच्यामुळे माणसांना दुःख होते, ती श्रद्धेच्या आड लपली तरी सोडायची नाही, असे आगरकरांना वाटत होते. ऑक्टोबर १८८७ मध्ये त्यांनी ‘केसरी’ सोडला. वर्षभराने, ऑक्टोबर १८८८ मध्ये, त्यांनी ‘सुधारक’ हे मराठी-इंग्रजी साप्ताहिक काढले. त्याच्या इंग्रजी विभागाची जबाबदारी गोपाळ कृष्ण गोखले यांनी सांभाळली. त्याच वर्षी आगरकरांचे ‘वाक्यमीमांसा’ हे व्याकरणविषयक पुस्तकही प्रसिद्ध झाले. वाक्याचे पृथक्करण करणारी बुद्धी आणि रूढीचे पृथक्करण करणारी बुद्धी एकच होती, असे म्हणता येईल.

येथे आणखी एक तुलना उपयोगी पडेल. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हेही सुधारक होते; परंतु त्यांची सुधारणा ईश्वरनिष्ठेवर उभी होती. १८६७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे ते एक आधारस्तंभ होते. विधवाविवाहाला शास्त्राधार आहे, हे दाखवण्याचा प्रयत्नही त्या पिढीने केला. आगरकरांना हा मार्ग मान्य नव्हता. शास्त्रात आधार सापडला म्हणून एखादी गोष्ट न्याय्य ठरत असेल, तर उद्या विरुद्ध आधार सापडल्यावर ती अन्याय्य ठरेल. न्यायाचा निकष शास्त्राबाहेर असला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. टिळक आणि रानडे या दोघांहून त्यांची वाट वेगळी झाली ती या ठिकाणी.

४.५ आधार कशाचा?

धर्मग्रंथ आणि ईश्वरी आज्ञा बाजूला ठेवल्यावर आगरकरांनी नीतीला कोणते आधार दिले? त्यांच्या निबंधांवरून तीन आधार सांगता येतात.

(१) दिसणारे दुःख – ‘देवतोत्पत्ती’ या निबंधात आगरकर देवांच्या कल्पना माणसाच्या मनात कशा उपजल्या असाव्यात, याची उकल करतात. देवकल्पनेला इतिहास आहे, म्हणजे ती माणसाने घडवली आहे. वेदनेची गोष्ट वेगळी आहे. वपन केलेल्या बालविधवेचे दुःख आहे की नाही, हे ठरवायला प्रमाणग्रंथ लागत नाही. ते समोर दिसते. अदृष्टाविषयी कितीही संशय घेता आला, तरी या दुःखाविषयी घेता येत नाही. म्हणून कर्तव्याचा आरंभ तेथून करायचा. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वादात ही भूमिका स्पष्ट दिसली. बंगालमधील फूलमणी दासी या बालवधूचा मृत्यू त्या वादाच्या मागे होता. मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा करण्याच्या विधेयकाला धर्मात हस्तक्षेप म्हणून विरोध झाला. आगरकरांनी विधेयकाचा पुरस्कार केला. कारण त्यांच्या लेखी धर्माज्ञेच्या भंगापेक्षा बालिकेच्या देहाची वेदना मोठी होती.

(२) परिणामांची परीक्षा – आचार जुना आहे की नवा, आपला आहे की परका, हे प्रश्न त्यांच्या दृष्टीने गौण होते. त्याने व्यक्तीचे व समाजाचे सुख वाढते की घटते, हा प्रश्न मुख्य होता. ‘शहाण्यांचा मूर्खपणा अथवा आमचे प्रेतसंस्कार’ या निबंधात अंत्यविधीतील रूढींना त्यांनी याच कसोटीवर घासले. मुलगे व मुली यांना एकच शिक्षण आणि तेही एकत्र द्यावे, हा त्या काळात धक्कादायक वाटणारा विचारही याच कसोटीतून आला. ही कसोटी निरपेक्ष नाही, हे ध्यानात घ्या. परिस्थिती बदलली की परिणाम बदलतात आणि निर्णयही बदलावे लागतात. म्हणजे नीती पुन्हा पुन्हा तपासावी लागते. आगरकरांना यात उणेपणा वाटला नाही. प्रौढ माणसाने ही जबाबदारी पत्करलीच पाहिजे, अशी त्यांची धारणा होती.

(३) स्वीकारलेले कर्तव्य – आज्ञा देणारा कोणी नसेल तर कर्तव्यही उरत नाही, हे निरर्थकतावाद्याचे मुख्य विधान असते. आगरकरांचे जीवन या विधानाला दिलेले उत्तर आहे. लादलेले कर्तव्य आणि समजून उमजून पत्करलेले कर्तव्य, यांत त्यांनी दुसऱ्याला श्रेष्ठ मानले. फळाच्या आशेने केलेल्या सत्कृत्यात थोडा व्यवहार मिसळलेला असतो. परलोकीच्या फळाची अपेक्षाच नसेल, तर केलेले काम फक्त त्या कामासाठी आणि ज्याच्यासाठी केले त्या माणसासाठी असते.

या तिन्ही आधारांत विश्वाला एकंदरीत काही हेतू आहे, असा दावा कोठेही करावा लागत नाही. विश्वाला हेतू असो वा नसो, शेजारच्या माणसाच्या दुःखाला कारण असते. ते कारण शोधता येते आणि पुष्कळदा दूर करता येते. एवढे भांडवल आगरकरांना आयुष्यभर पुरले.

४.६ या भूमिकेची किंमत

श्रद्धेने जगणाऱ्याला समाजाचा आधार असतो. एकट्याच्या बुद्धीने चालणाऱ्याला तो मिळत नाही. पुण्यातील सनातनी विरोधकांनी आगरकरांची ते जिवंत असताना प्रेतयात्रा काढली. त्यांचा पुतळा तिरडीवर बांधून ती मिरवणूक त्यांच्या घरावरून नेली. स्वतःच्या मरणाचा हा देखावा पाहूनही त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. अंत्यसंस्कारांच्या निरर्थकतेवर ज्याने लिहिले, त्याच्यावर लोकांनी तोच संस्कार शस्त्रासारखा उगारला, यातील उपरोध तुमच्या लक्षात येईल.

घरातील ताण वेगळ्या प्रकारचा होता. पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू होत्या. व्रतवैकल्ये, देवपूजा यांवर घणाघाती लिहिणाऱ्या आगरकरांनी घरात मात्र पत्नीवर आपली मते लादली नाहीत. काहींना ही तडजोड वाटते. व्यक्तिस्वातंत्र्य हे ज्याचे मुख्य तत्त्व, त्याला दुसरे काही करता येणे शक्य होते का, याचा तुम्ही विचार करा. बुद्धीच्या नावाने केलेली सक्ती ही अखेर सक्तीच असते.

प्राचार्य वामन शिवराम आपटे यांच्या निधनानंतर १८९२ मध्ये आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. अध्यापन, कॉलेजचा कारभार आणि ‘सुधारक’चे लेखन हा भार आधीच दम्याने खचलेल्या देहाला पेलणारा नव्हता. तरी तो त्यांनी तीन वर्षे वाहिला. १७ जून १८९५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची एकोणचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. स्वतःच्या अंत्यविधीच्या खर्चापुरते पैसे त्यांनी आधीच बाजूला बांधून ठेवले होते, ही आठवण त्यांच्या चरित्रात सांगितली जाते. मरणोत्तर गतीची चिंता नसलेल्या या माणसाला आपल्यामागे राहणाऱ्यांवर पडणाऱ्या भाराची चिंता होती. त्यांची सारी नीती या एका कृतीत सामावली आहे. ज्यांच्याशी तीव्र मतभेद झाले, त्या टिळकांनीही ‘केसरी’त त्यांच्यावर मृत्युलेख लिहून जुन्या स्नेह्याच्या गुणांचे स्मरण केले.

४.७ मूल्यमापन

चरित्रनायकाचा गौरव करून थांबणे हे अभ्यासकाचे काम नव्हे. आगरकरांच्या भूमिकेवर दोन आक्षेप घेता येतात.

पहिला आक्षेप असा की, त्यांनी एक निरपेक्ष तत्त्व काढून त्या जागी दुसरे बसवले. समाज उत्क्रांत होत आहे आणि बुद्धीच्या प्रकाशात तो उत्तरोत्तर सुधारत जाईल, ही स्पेन्सरकडून आलेली खात्री त्यांच्या लेखनात आहे. ही खात्रीही एक प्रकारची श्रद्धाच होती. पुढे दोन महायुद्धांनी जगभरच्या विचारवंतांची ती श्रद्धा हादरवली. मराठीत बा. सी. मर्ढेकर यांच्या १९४७ मधील ‘काही कविता’ या संग्रहात यंत्रयुगातील महानगरी माणसाची जी भग्नता प्रकटली, ती आगरकरांच्या आशावादाला परिचित नव्हती. ईश्वर गेल्यानंतरची पोकळी आगरकरांनी प्रगतीच्या विश्वासाने भरली. मर्ढेकरांच्या पिढीला तो विश्वासही पुरला नाही. अभ्यासक्रमातील नवकवितेचा घटक वाचताना हा दुवा आठवा.

दुसरा आक्षेप त्यांच्या दृष्टीच्या कक्षेचा आहे. त्यांच्या लेखनात दिसणारे दुःख हे बहुतांशी पांढरपेशा, त्यातही ब्राह्मण कुटुंबांतील स्त्रीचे आहे. महात्मा जोतीराव फुले त्याच पुण्यात शूद्रातिशूद्रांच्या दुःखाची मांडणी करत होते. आगरकरांनी जातिभेदावर टीका केली. तरी शेतकरी व अस्पृश्य यांचे जीवन फुल्यांच्या लेखनात येते तसे त्यांच्या लेखनात केंद्रस्थानी येत नाही. दिसणाऱ्या दुःखावर नीती उभारायची, तर आपल्याला कोणाचे दुःख दिसते आणि कोणाचे दिसत नाही, हा प्रश्न अटळ ठरतो. तो आगरकरांच्याच पद्धतीतून निघतो, हे विशेष.

हे दोन्ही आक्षेप मान्य करूनही एक गोष्ट शिल्लक राहते. प्रगतीची खात्री वजा केली, तरी आगरकरांचा पहिला आधार ढळत नाही. उद्याचे जग आजच्यापेक्षा चांगले असेलच असे नाही. म्हणून आज समोर असलेल्या माणसाचे दुःख खोटे ठरत नाही. त्यांच्यानंतर या आधारावर उभी राहिलेली कामे पाहा. १८९३ मध्ये विधवेशी पुनर्विवाह करणारे धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन कॉलेजात आगरकरांचे सहकारी होते. त्यांनी पुढे स्त्रीशिक्षणाची संस्था उभारली. त्यांचे पुत्र रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईतून १९२७ पासून १९५३ मधील मृत्यूपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. खटले व उपहास सोसूनही त्यांनी संततिनियमनाचा बुद्धिवादी प्रचार सोडला नाही. परलोकाची हमी न मागता आयुष्य खर्ची घालणाऱ्यांची ही परंपरा आहे.

४.८ सारांश

आगरकरांनी विश्वाचे अंतिम सत्य अज्ञेय मानले आणि त्याच्या नावाने दिल्या जाणाऱ्या आज्ञा नाकारल्या. या नकारातून निरर्थकतावाद निपजेल, अशी भीती त्यांच्या विरोधकांना होती. प्रत्यक्षात त्यातून कठोर कर्तव्यनिष्ठा निपजली. दिसणारे दुःख, परिणामांची परीक्षा आणि स्वेच्छेने पत्करलेले कर्तव्य या तीन आधारांवर त्यांची नीती उभी होती. तिच्यात प्रगतीविषयीचा भाबडा विश्वास आणि अनुभवाच्या कक्षेची मर्यादा होती. जीवनाचा अर्थ कोणी बाहेरून दिलेला नसला, तरी माणसांनी परस्परांशी केलेल्या व्यवहारात तो निर्माण होऊ शकतो, हे त्यांनी जगून दाखवले.

४.९ पारिभाषिक शब्द

निरपेक्ष मूल्य – देश, काल व परिस्थिती यांवर अवलंबून नसलेले मूल्य.
अज्ञेयवाद – अंतिम सत्य मानवी बुद्धीला जाणता येत नाही, अशी भूमिका.
निरर्थकतावाद – जीवनाला व मूल्यांना कोणताही आधार वा अर्थ नाही, असे मानणारा विचार.
उपयुक्ततावाद – अधिकाधिक लोकांचे अधिकाधिक सुख या कसोटीवर कृतीची नैतिकता ठरवणारा विचार.

४.१० स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

(अ) ईश्वर नाही, असे नास्तिक ठामपणे म्हणतो. ईश्वराविषयी निर्णय देण्याचे साधन माणसापाशी नाही, असे अज्ञेयवादी म्हणतो.
(आ) शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ या नाटकाचे.

४.११ स्वाध्याय

१. आगरकरांच्या नीतिविचाराचे तीन आधार सोदाहरण स्पष्ट करा.
२. रानडे व आगरकर यांच्या सुधारणाविषयक भूमिकांची तुलना करा.
३. आगरकरांनी एका श्रद्धेच्या जागी दुसरी श्रद्धा बसवली, या आक्षेपाची चिकित्सा करा.
४. क्षेत्रकार्य : तुमच्या उपनगरातील एखाद्या रस्त्याला, चौकाला किंवा ग्रंथालयाला एकोणिसाव्या शतकातील विचारवंताचे नाव असल्यास त्याची नोंद घ्या. त्या परिसरातील पाच व्यक्तींना त्या विचारवंताविषयी काय माहिती आहे, हे विचारून दोन पृष्ठांचे टिपण लिहा. आज त्याच परिसरात कोणाचे दुःख आपल्याला दिसत नाही, याविषयीचे तुमचे निरीक्षण टिपणाच्या शेवटी नोंदवा.